कानाची पाळी

माझी नात मीरा कॉर्न स्नेक जातीचे बिनविषारी परदेशी साप पाळते. परवा अंड्यांतून पिल्लं निघाली. लाल डोळ्यांचं नारिंगी पिल्लू तिनं लगेच ओळखलं. बाकीची मला सगळी मळकटच दिसली.

"ह्याचा रंग कुठला गं?" मी एक दाखवून विचारलं.

"आत्ता नाही सांगता येत, आजी. पहिली कात टाकू दे. करडं निघालं तरी मोठेपणी मानेवर पिवळा चढेल."

सापाच्या पिल्लाला एवढी सवड मिळते. माझी लेक जन्मली, तेव्हा सासूनं कानाची पाळी उलटून पाहिली आणि म्हणाली, "काळीच होणार." मग रोज डाळीचं पीठ लावून पोरीला रगडली. पोर रडून लाल व्हायची, गोरी काही झाली नाही.

उद्या धाकट्या नातीच्या मुलीचं बारसं आहे. बायका येतील, टोपडं सारून कान बघतील. मी पाळण्याला खुर्ची लावून बसणार आहे. टोपड्याकडं हात आला की धरणार आणि सांगणार, "घुगऱ्या घे आणि तिकडं बस."