फिंटनचं नाव

डिंफ्ना ट्रेनरचं घर आमच्या क्लोनिस गावापासून तीन मैलांवर. पण ते ब्रिटनच्या हद्दीत आणि माझी पोलीस चौकी आयर्लंडच्या. मधे नुसता ओढा. तिकडच्या शाळेत ती स्वयंपाक करायची आणि दर गुरुवारी चौकीत डोकावायची. लहानपणी शाळेत आम्ही एका बाकावरचे.

तिचा धाकटा भाऊ फिंटन २०१८च्या नोव्हेंबरात घरातून निघून गेला. डोक्याने हळवा होता. औषधं टेबलावरच राहिली. आईबाप गेल्यापासून तिनेच त्याला सांभाळलेलं. तिकडचा पोलीस अडेर माझा जुना दोस्त. त्याने फिंटनचं नाव युरोपभरच्या पोलिसांच्या सामायिक यादीत घातलं. कुठल्याही गावच्या शिपायाने ओळखपत्र तपासलं, की नाव पुढे येणार आणि अडेरला निरोप मिळणार.

मग ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं. २०२१ उजाडलं आणि त्यांनी घातलेली नावं यादीतून गेली. अडेरने फिंटनचं नाव दुसऱ्या एका जागतिक यादीत टाकलं, पण रस्त्यावरचा शिपाई ती सहसा उघडत नाही. आणि मार्चमध्ये युरोपची ती यादी आमच्या चौकीत पहिल्यांदाच सुरू झाली.

डिंफ्नाला हे कळलं तशी ती थेट माझ्या टेबलापाशी आली.

"मॅलकी, त्यांच्या हातून गेलं ते तुझ्या हातात आलं ना? मग टाक नाव."

"तसं नाही गं. माणूस पलीकडचा, तक्रार पलीकडची. त्यांनी रीतसर मागायला हवं."

"पलीकडचा? तुझ्या लग्नात नाचत होता तेव्हा कुठला होता रे?"

मी वर पत्र लिहिलं. उत्तर आलं: पलीकडून लेखी विनंती आणा. अडेरने फोनवर सांगितलं, "विनंती करायला मी तयार आहे, पण कोणता अर्ज भरायचा ते आमच्या साहेबांनाच ठाऊक नाही." एप्रिल गेला. मे गेला. बोटं माझी होती, यंत्र समोर होतं. नियम मोडायचं धाडस मात्र झालं नाही.

जुलैत अडेरचा फोन आला. फ्रान्समध्ये, रॉस्कॉफ बंदराजवळच्या होड्यांच्या शेडमध्ये फिंटन मेलेला सापडला होता. त्याच बंदरावर मे महिन्यात एका शिपायाने त्याला बाकावरून उठवलं होतं, ओळखपत्र तपासलं होतं. यादीत काहीच नव्हतं. शिपायाने ते परत दिलं आणि शुभेच्छा देऊन त्याला जाऊ दिलं.

मी हे डिंफ्नाला घरी जाऊन सांगितलं. ती कोबी चिरत होती. सुरी खाली ठेवली नाही.

"नाव यादीत असतं, तर पकडून ठेवलं असतं का त्याला?"

"नाही. सज्ञान माणूस. पण तुला कळवलं असतं."

"मी गेले असते," ती म्हणाली. "बोट पकडून दुसऱ्याच दिवशी गेले असते."

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "नको. तू माफी मागितलीस की मला 'असू दे' म्हणावं लागेल."

अंत्यविधीला अडेर आणि मी शवपेटीमागे शेजारी शेजारी चाललो. डिंफ्नाने दोघांनाही चहा दिला, हॅमचं सँडविच पुढे केलं आणि इतरांकडे वळली. त्यानंतर गुरुवारी ती आली नाही. आता वाटेत भेटली तर मान हलवते, अनोळखी माणसाला हलवावी तशी.