दोनांतली चांगली फेरी

मुलांनो, तुमची आतेबहीण फ्रीस्टाइल स्कीइंगच्या स्पर्धेत उतरली, तेव्हा मी हॅमिल्टनहून दोन तास गाडीने जाऊन टेकडीच्या पायथ्याशी उभी होते. प्रत्येकीला दोन फेऱ्या होत्या आणि पहिल्या चौघींनाच प्रांताच्या संघात जागा मिळणार होती.

पहिल्या फेरीत ती शेवटच्या उडीवर आपटली. पाठमोरं घसरत येऊन हवेत दोन गिरक्या घ्यायच्या, अशी ती उडी. वर जायच्या लिफ्टच्या रांगेत मी तिला गाठलं. मी जन्मभर गणित शिकवलेलं, त्यामुळे म्हटलं, "अगं, सोपा प्रश्न आधी सोडवावा. आता सरासरी किती खाली गेली?"

ती हेल्मेटवरचा बर्फ झटकत हसली. "आजी, इथे सरासरी नसते. बेस्ट रन काउंट करतात. पहिली फेरी विसर."

"मग आता साधी उडी मार."

"साधी मारली तर सहावी येईन. सहावीला कोण घेतं?"

हिशेब बरोबर होता, म्हणून मला तो आवडला नाही. तुमची आत्या म्हणाली, "आई, सोड तिला, लिफ्ट आली."

दुसऱ्या फेरीत ती पुन्हा पाठमोरीच आली. मी गिरक्या मोजल्या: दोन. उतरताना एक हात बर्फाला लागला, पण ती उभी राहिली. थोड्या वेळाने फलकावर तिचं नाव चौथं लागलं.

"बघितलंस ना, आजी?"

"बघितलं. हात टेकलास, त्याचे गुण गेले."

"गेले तरी पुरले," ती म्हणाली, आणि तिने मला इतकी घट्ट मिठी मारली की माझा चष्मा बर्फात पडला.