मागच्या गादीचं कातडं

तेव्हा चंद्रपूरला आम्ही चांदाच म्हणायचो. टांग्याच्या घोड्यांचे साज शिवायचं माझं दुकान होतं. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, नुकतीच गेली होती. जुन्या मालगुजारांचा तोरा तेवढा राहिला होता. त्यातल्याच एकांनी विलायती मोटार आणली. अशा गाड्या मोजक्याच निघाल्या, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. जंगलातल्या रस्त्यावर ती जीपला सहज मागं टाकायची. गाव तिच्या वेगावर फिदा होतं. मी आतल्या मऊ, तांबूस कातड्यावर.

शिकारीहून येताना सुऱ्याचं टोक लागून मागची गादी वीतभर फाटली आणि मला बोलावणं आलं. हात फिरवताच कळलं, हे गाईचं. कुठं डाग नाही, सुरकुती नाही. असलं कातडं जन्मात हाती आलं नव्हतं.

मी चीर शिवत होतो, तेवढ्यात मालगुजारांची म्हातारी आई अंगणात आली. दर मंगळवारी ती महाकालीच्या देवळात जायची. मुलगा मोटारीनं नेतो म्हणायचा, पण ती काही बसत नव्हती.

“भाऊ, कशाचं कातडं व्हय हे?” तिनं मलाच विचारलं. “माह्या पोराले नाई इचारत. मोटारीपायी तो काई बी बोलंल.”

मालगुजार माझ्याकडं बघत उभे होते.

“बकऱ्याचं, बाई.”

“एवढाले बकरे?”

“विलायतेत असतेत.”

ती हसली. “तुले कातड्याचं समजते. तू म्हणतं तं बसीन.”

मुसलमान माणूस मालगुजाराच्या अंगणात दुसरं काय बोलणार, असं कुणी म्हणेल. भीती होतीच, नाही म्हणत नाही. पण भीतीपेक्षा मोह मोठा होता. खरं बोललो असतो तर ती गादी त्याच दिवशी उपटून फेकली गेली असती आणि माझी शिवण अर्धीच राहिली असती. मला ती पुरी करायची होती. त्याची लाज अजून जात नाही.

पुढं दर मंगळवारी देवळातून परतताना मोटार माझ्या दुकानापुढं थांबायची. म्हातारी काच खाली करून प्रसादाचं खोबरं माझ्या हातावर ठेवायची.

“खा, भाऊ. तुह्या भरवशावर बसते मी.”

आणि मी खाईपर्यंत ती मोटार हलू द्यायची नाही.