जागा अडवणारे सभासद

ऑफिसात तिला सगळे कोठीबाई म्हणत. शहरातल्या वाचनालयांचा डेटाबेस, म्हणजे सभासद कोण, कुणी काय नेलं, काय परत आणलं, ही माहितीची सगळी कोठी तिच्या ताब्यात. बोटं कीबोर्डवर पडली की डोक्यातलं आपोआप उतरायचं. तोंड उघडायची वेळच यायची नाही. घरीही ती तशीच, मोजकं बोलणारी.

मग मनगटांनी दगा दिला. आधी मुंग्या, मग कळा, मग चहाचा कप हातातून निसटून फुटला. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हातांना पट्टे चढवले आणि बजावलं, "तीन महिने टायपिंग बंद म्हणजे बंद." ऑफिसने मग तोंडी सांगितलेलं ऐकून कोड लिहिणारं नवं टूल दिलं आणि घरूनच काम करायला सांगितलं.

सुरुवातीला तिला स्वतःच्याच आवाजाची लाज वाटे. शिवाय बोटांना कळायचं ते तोंडाला सांगता येईना. "ते हे कर" म्हटल्यावर यंत्राला काय कप्पाळ कळणार? हवं ते नीट, सावकाश शब्दांत मांडावं लागे. हळूहळू जीभ सैल झाली. "हं, छान. आता एवढं बघ ना जरा," असं ती लाडीगोडीने म्हणू लागली. टूलही आज्ञाधारक. चुकलं तर माफी मागायचं, जमलं तर तिचीच पाठ थोपटायचं.

घरात दिवसभर ती आणि सासरे दोघंच. नवरा परगावी नोकरीला, शनिवारी येई. सासऱ्यांचा उभा जन्म बसच्या स्टिअरिंगमागे गेलेला. सासूबाई गेल्यापासून ते खोली सोडून फारसे बाहेर येत नसत. "जेवलात?" "गोळी घेतली?" "हो." एवढ्यावर बोलणं संपे. कुणाचं कुणाशी वाकडं नव्हतं. सवयच तशी पडली होती.

एका गुरुवारी वरून फर्मान आलं: जुन्या सभासदांची बंद पडलेली खाती काढून टाका. ती टूलला समजावू लागली. दार उघडंच होतं.

"हे बघ, जे कित्येक वर्षं हललेले नाहीत, ज्यांचं येणं नाही, जाणं नाही, ते नुसती जागा अडवून बसलेत. त्यांना आज बाजूला हलव. रविवारी कायमचं काढून टाकू. नाही, कुणाला विचारायची गरज नाही."

तासाभराने लॅपटॉपची बॅटरी उतरली. चार्जर जागेवर नव्हता. शोधत शोधत ती सासऱ्यांच्या खोलीत डोकावली, तर ते इस्त्रीचा शर्ट घालून, बूट चढवून, बॅग मांडीवर घेऊन बसलेले.

"कुठे निघालात, बाबा?"

"लेकीकडे."

"असं अचानक?"

"रविवारी तू काढणारच आहेस. त्यापेक्षा आपल्या पायांनी गेलेलं बरं." त्यांनी नजर वर केली नाही. "अडचण होते तर तोंडावर सांगायचं होतंस गं. मी का नाही म्हटलं असतं?"

तिला आधी काही उमजेना. उमजलं तेव्हा हसू फुटलं. पण त्यांनी बॅगेचा बंद घट्ट धरून ठेवलेला दिसला आणि तिने हसू आवरलं. ती शेजारी बसली. वाचनालय, सभासद, खाती, सगळं पहिल्यापासून सांगितलं.

"म्हणजे मशीनशी बोलत होतीस?"

"मशीनशीच."

"रोज?"

"रोज."

"मला वाटलं, कुणी जिवलग मैत्रीण आहे," बाबा म्हणाले. "इतकं गोड बोलतेस."

टोमणा असता तर तिने परतवला असता. हा टोमणा नव्हता, म्हणूनच काळजाला लागला.

पट्टे बांधलेल्या हातांनी तिला बॅग उचलवेना. दोघांनी मिळून ती पलंगावर रिकामी केली. दोन शर्ट, गोळ्यांची डबी, सासूबाईंची शाल आणि तिचा चार्जर.

"हा माझा नाही?"

"तुमचा मोबाइलचा, तो छोटा, बाबा."

"मेल्या सगळ्या वायरी सारख्याच," ते पुटपुटले, आणि मग दोघंही मोकळेपणी हसली.

इतकी वर्षं तिने परक्यांची एकेक नोंद डोळ्यांत तेल घालून जपली होती, पण बाबा कोणत्या मार्गावर बस चालवत, हे काही तिला ठाऊक नव्हतं. त्या दुपारी तिने विचारलं. गप्पा लगेच रंगल्या असं नाही. टूल तिच्या प्रत्येक वाक्याला 'अगदी बरोबर' म्हणायचं, बाबा "छे, काहीतरीच!" म्हणून उडवून लावायचे, मधेच भलत्याच गोष्टीत शिरायचे. थांबून ऐकणं तिला जड जाई. पण दुपारचा चहा आता एकत्र होऊ लागला.

रविवारी तिने खाती काढलीच. कामाला इलाज नव्हता. बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले होते.

"गेले?"

"गेले."

"एकानेही तक्रार केली नाही? मी असतो तर केली असती."

"तुम्ही? तुम्ही तर गुपचूप बॅग भरलीत!"

हात आता पुष्कळ बरे आहेत. सकाळी ती थोडं टाइप करते, बाकीचं तोंडी. परवा शनिवारी नवरा आला, तेव्हा जिन्यातूनच त्याला चढलेले आवाज ऐकू आले. काय झालं म्हणून धसक्याने त्याने दार उघडलं. धावत येणाऱ्या प्रवाशासाठी ड्रायव्हरने बस थांबवावी की वेळ पाळावी, यावरून दोघांची जुंपली होती, आणि त्याच्याकडे बघायला कुणालाच सवड नव्हती.