ठिणगीचा डबा, मुक्काम शेलूबाजार

किस्से जमवावे लागत नाहीत हो. दुकानाचं शटर उघडं ठेवलं की ते आपले आपण आत येतात, स्टुलावर बसतात आणि वर चहा मागतात. आमच्याकडे तर फारच! कारण आमचं दुकानच जरा वेगळं आहे. शेलूबाजारला हायवेला लागून, एका बाजूला बी-बियाण्याचं दुकान, दुसऱ्या बाजूला ब्यूटी पार्लर, आणि मधे आम्ही: जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचे इग्निशन बॉक्स तपासणारे आणि दुरुस्त करणारे.

हा बॉक्स म्हणजे इंजिनाला ठिणगी पुरवणारा डबा. जेवणाच्या डब्याएवढाच असतो. बॅटरीचे बारा व्होल्ट घेतो, त्यांचे चारशे करतो आणि पुढे कॉइलकडे धाडतो. तो मेला की गाडी नुसती शोभेची!

आम्ही तिघं. मी आयटीआय इलेक्ट्रॉनिक्स केलेली. माझे सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणते, त्यांची सारी हयात फवारणी पंपांच्या इंजिनात ठिणगी पाडणारे मॅग्नेटो दुरुस्त करण्यात गेली. आणि सलीमभाई, जीप-ट्रॅक्टरचे वायरिंगवाले.

*

सुरुवात एका लाल गाडीनं झाली. पुण्याचे दहा-बारा हौशी लोक आपापल्या जुन्या गाड्या घेऊन नागपूरकडे चालले होते. बाकीच्या गेल्या, ही नेमकी आमच्या दारासमोर बंद पडली. दहा मिनिटांत अर्धं शेलूबाजार गोळा! जमिनीला टेकलेली ती दोन सीटांची गाडी पाहून एका म्हाताऱ्या बाबांना काळजी वाटली.

"दोघंच बसता? मंग लेकरं कुठं बसवता तुमी?"

सलीमभाईंनी प्लग काढून पाहिला. ठिणगी नाही. गाडीचे मालक कपाळाला हात लावून म्हणाले, "हा बॉक्स आता जर्मनीलाच पाठवावा लागणार. इथे कोणी त्याला हात लावत नाही."

सलीमभाईंनी शांतपणे घड्याळ पाहिलं. "जर्मनी की बस तो निकल गयी साहेब. तवरोक आमच्या ताईले दाखवून पाहा."

मी डबा उघडला. आतला एक कपॅसिटर फुटला होता. तेवढ्याच मापाचा दुसरा एका जुन्या टीव्हीतून काढून बसवला. इंजिन असं काही गरजलं, की बी-बियाण्याच्या दुकानातलं गिऱ्हाईक पिशवी टाकून बाहेर आलं! साहेबांनी सगळ्या हौशी मंडळींना फोन करून सांगितलं, आणि महिन्याभरात आमच्याकडे कुरिअरनं डबे यायला लागले.

*

फोनवर हमखास होणारा संवाद.

"हॅलो, जरा इंजिनिअर साहेबांना द्या ना."

"बोला, मीच बघते दुरुस्तीचं."

"नाही मॅडम, थोडं टेक्निकल आहे. मुख्य माणसाला द्या."

एकदा मी वैतागून फोन मामाजींना दिला. त्यांनी पाच मिनिटं सगळं ऐकून घेतलं. मधेमधे "हो, हो" केलं. मग म्हणाले, "समजलं. आता एक मिनिट थांबा, मुख्य मानसाले देतो."

आणि फोन परत माझ्या हातात!

*

मुंबईचे एक इंजिनिअर स्वतः डबा घेऊन आले. सोबत लॅपटॉप, लॅपटॉपमध्ये तक्ते. मी डबा टेस्टिंगला लावला. मामाजी म्हणाले, "साहेब, त्या टर्मिनलले हात नका लावू."

इंजिनिअर हसले. "काका, बॅटरी फक्त बारा व्होल्टची आहे. बारा व्होल्टनं माणसाला काही हो..."

'त नाही' तोंडातच राहिलं. साहेब स्टुलासकट मागे, चष्मा टेबलाखाली! सुदैवानं लागलं कुठंच नाही. मी पाणी दिलं, सलीमभाईंनी चष्मा शोधून दिला.

मामाजी जागचे हलले नव्हते. त्यांनी फक्त विचारलं, "बारा तुमचे, कबूल. बाकीचे तीनशे अठ्ठ्याऐंशी कोनाचे?"

*

चालू डबा बारीक शिटी मारतो. कुईंऽऽ अशी. एक हट्टी डबा मी आठवडाभर सतत चालू ठेवला होता, कारण तो मधेच दगा द्यायचा आणि मला त्याला रंगेहाथ पकडायचं होतं. मागच्या घरातल्या सुमनकाकूंना वाटलं, कानात काहीतरी झालं. कानात कोमट तेल घालून झालं. वाशीमला डॉक्टरकडे जाऊन आल्या. डॉक्टर म्हणाले कान एकदम साफ आहेत, तर काकू म्हणाल्या डॉक्टरलेच ऐकू येत नसंल!

शेवटी एका दुपारी आवाजाचा माग काढत थेट दुकानात आल्या. मी डबा दाखवला, माफी मागितली. दोन दिवसांनी त्यातला दोष सापडला आणि डबा मालकाकडे रवाना झाला.

त्यानंतर आठच दिवसांनी काकू पुन्हा दारात. चेहरा उतरलेला.

"काय झालं काकू?"

"तो कुईंकुईंवाला कुठं गेला वं? दुपारची झोपच नाही लागून राह्यली मले!"

*

शिरपूर जैनला दर्शनाला आलेले एक गृहस्थ गाडी आमच्याकडे सोडून गेले. गाडीचा त्रास असा, की तापली की बंद, थंड झाली की चालू. टेबलावर मात्र डबा शहाण्यासारखा वागत होता. म्हणजे त्याला तापवूनच पाहायला हवं. माझा हेअर ड्रायर जळालेला. शेजारच्या पार्लरमध्ये गेले, तर तिथं खुर्चीत नवरी बसलेली, केस ओले, आणि मुहूर्ताला दीड तास!

पार्लरवाली प्रीती म्हणाली, "ड्रायर एकच हाये ताई."

मी परत फिरले, तर नवरीच उठली. "मी ड्रायरसोबत येते न! हिच्याइथं बसली काय अन् तुमच्याइथं बसली काय."

मग आमच्या स्टुलावर नवरी, मागे प्रीती. दोन मिनिटं केसांना, दोन मिनिटं डब्याला. नवरीच मोजत होती, "हं ताई, आता तुमची पाळी!" चौथ्या पाळीला ठिणगी फडफडली आणि थांबली. आतला एक ट्रान्झिस्टर तापल्यावर हात टेकत होता. मी आनंदानं ओरडले, "मेला! मेला!"

नेमकी त्याच क्षणी नवरीला शोधत तिची मावशी दारात. छातीला हात. "कोन मेला वं?"

नवरी मान न हलवता म्हणाली, "ट्रान्झिस्टर, मावशी."

*

आणि हा अमरावतीकडच्या आजोबांचा.

बिनछताची हिरवी गाडी, थांबत थांबत आमच्यापर्यंत आलेली. आजोबा आत आले. आजी गाडीतच, छत्री उघडून बसलेल्या. मी चहाला बोलवायला गेले.

"राहू दे बाई," आजी म्हणाल्या. "मले काय कळते गाडीतलं? त्याइलेच पाज."

मी डबा हातात घेतला. स्क्रूंच्या खाचा खरवडलेल्या होत्या. म्हटलं, "आजोबा, हा आधी कोणीतरी उघडलाय."

"शक्यच नाही! कंपनीतून निघाल्यापासून याले कोनी हात नाही लावला. मी स्वतः नाही लावला!"

झाकण काढलं. आत एक वायर कधीतरी तुटलेली आणि हातानं पिळून जोडलेली. तांबं हिरवं पडून तोच जोड आता दगा देत होता. पण मी पाहत राहिले ते त्यावर गुंडाळलेल्या पट्टीकडे. सुती, मोरपंखी रंगाची, एका कडेला टाक्यांची भोकं. कुठल्याही बाईला कळलं असतं.

"आजोबा, हा साडीचा फॉल आहे."

आजोबा खाली बसले.

मग हळूहळू सांगायला लागले. लग्नाला वर्ष झालं होतं. चिखलदऱ्याच्या घाटात गाडी बंद पडली. बायकोला गाडीत बसवून ते मेकॅनिक शोधायला पायी गेले. दोन तासांनी रिकाम्या हातानं परत आले, तर गाडी चालू! होती तिथून जरा पुढं, झाडाच्या सावलीत.

"ही म्हने, मी दुरुस्त केली. मी हसलो. म्हटलं थंड झाली म्हनून सुरू झाली, अन् उतारानं घरंगळली. चाळीस वर्षं झाली. लग्नात, बारशात, जिथं गेलो तिथं हा किस्सा सांगून लोकाइले हसवलं मी."



मी जोड नव्यानं सोल्डर केला, डबा तपासला, गाडीत बसवला. जुनी पट्टी फेकणार होते, तर आजोबांनी हात पुढे केला. घडी घालून ती वरच्या खिशात ठेवली आणि बाहेर गेले. आम्ही तिघंही काउंटरवर उगाच काहीतरी पुसत होतो.

आजोबा छत्रीजवळ उभे राहिले. खिशातून पट्टी काढून आजींच्या ओंजळीत ठेवली.

"तूच केली होती."

आजींनी पट्टी उलटसुलट करून पाहिली. छत्री मिटली. मग हात पुढे केला. "किल्ली द्या."

आजोबांनी दिली. आजी सरकून स्टिअरिंगमागे बसल्या. पदर खोचला, आरसा आपल्या उंचीचा करून घेतला.

आजोबा घाबरले. "अवं, तुले कुठं येते चालवता?"

आजींनी सेल्फ मारला. "तुमी मेकॅनिक पाहाले गेले होते नं? तवाच शिकली."