हाकेला ओ

ओरडण्याआधी ते पुढचे खोटे दात काढायचे, शर्टाच्या वरच्या खिशात ठेवायचे आणि खिशाचं बटण लावायचे. मग दोनदा खाकरायचे. हे सगळं इतकं शांतपणे चालायचं की पाहणाऱ्याला वाटावं, गृहस्थ आता प्रार्थनेला उभे राहणार. आणि मग त्या साठीतल्या, पोट सुटलेल्या, वसईच्या माणसाच्या गळ्यातून असा काही आवाज निघायचा की माझ्या अंगावर काटा यायचा.

"दात असले की मध्ये शीळ घुसते," ते म्हणायचे. "कुत्र्याला कुठे शीळ येते?"

आमचं काम काय होतं ते आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल आम्ही दोघं वेडे होतो. ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगच्या मागे डोंगराची उभी कड आहे. ती चढून पलीकडे गेलं की जंगल लागतं, आणि जंगल संपलं की मेंढ्यांची कुरणं. जंगलातली रानकुत्री कुरणात उतरतात आणि कोकरं मारतात. ती राहतात कुठे हे शोधायचा एक जुना उपाय आहे. संध्याकाळी जंगलाच्या कडेला उभं राहायचं, त्यांच्यासारखा गळा काढायचा आणि गप्प थांबायचं. आसपास कळप असला तर तो ओ देतो. ओ जिकडून आली तिकडे दुसऱ्या दिवशी सापळे लागतात.

तिथे कामावर या कुत्र्यांना कोणी डिंगो म्हणत नाही. वाइल्ड डॉग म्हणतात. डिंगो म्हटलं की ते या देशाचं स्वतःचं जनावर होतं, मग मारताना हात आखडतो. नाव बदललं की हात मोकळे. हे मला त्या वसईच्या गृहस्थांनीच पहिल्या आठवड्यात सांगितलं, सँडविच खाता खाता.

मी तिथल्याच युनिव्हर्सिटीत पर्यावरणाचं शिकले होते. पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळाली, पण शिक्षणाशी जुळणारं काम मिळेना. शेवटी रानकुत्र्यांचं कंत्राट घेणाऱ्या एका लहान कंपनीत मदतनीस म्हणून लागले. साताऱ्याला घरी सांगितलं होतं, वन्यजीवांचं सर्वेक्षण करते. खोटं नव्हतंच ते तसं.

पहिल्याच दिवशी कंपनीच्या आवारात मी आईशी फोनवर बोलत होते. "हो गं, जेवले मी," असं म्हणून फोन ठेवला, तर गाडीखालून आवाज आला, "काय जेवली?"

मी दचकून खाली वाकले. चाकाशी काहीतरी करत पडलेला एक काळासावळा माणूस ग्रीसने माखलेल्या तोंडाने हसत होता. "नूडल्स," मी म्हणाले. "मग जेवली कशाला म्हणते?" ते म्हणाले आणि पुन्हा आत सरकले. त्यानंतर रोज त्यांच्या डब्यात माझ्या वाटणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी असायची. मी त्यांना अंकल म्हणायचे. ते मला बाय म्हणायचे, त्यांच्या गावाकडे मुलीला म्हणतात तसं.

त्यांना मदतनीस हवा होता तो एका साध्या कारणासाठी. पोर्ट केम्बलाच्या पोलादाच्या कारखान्यात त्यांची निम्मी हयात गेली होती आणि त्यात डावा कान गेला होता. कारखान्याने माणसं कमी केली तेव्हा ते या कामाला आले. हाक त्यांच्यासारखी कोणाला मारता यायची नाही, पण आलेली ओ डावीकडून की उजवीकडून, ते त्यांना कळायचं नाही. एकच कान असलेल्या माणसाला सगळं जग एकाच बाजूला असतं.

"मी बोलावतो, तू ऐक," ते म्हणायचे. मी हाताने दिशा दाखवायची, ते नकाशावर रेघ मारायचे. मग गाडीने दुसऱ्या टेकाडावर जायचं आणि पुन्हा तेच. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतील तिथे कुत्री.

मला ओरडून बघायची हौस होती. ते दाद द्यायचे नाहीत. "आधी ऐक," म्हणायचे. "ऐकायला शिकला नाही त्याने तोंड उघडू नये." कधी फार मागे लागले तर गाडीच्या काचा वर करून म्हणायचे, "ओरड." मी ओरडायचे. ते समोर रस्त्याकडे बघत परीक्षा घेतल्यासारखे म्हणायचे, "हे मांजर झालं." किंवा, "हे नवरा मेल्यासारखं झालं." एकदा सिग्नलला शेजारच्या गाडीतली बाई आमच्याकडे बघत राहिली. अंकलनी तिला हात केला आणि मला म्हणाले, "बघ, एकीने तरी ऐकलं."

आमच्या साताऱ्याच्या गल्लीत कुत्रं रडायला लागलं की शेजारच्या काकू दारातली चप्पल उलटी करून ठेवायच्या. कुत्रं रडलं की कोणीतरी जातं म्हणतात. मी हे अंकलना सांगितलं. त्यांना ते अजिबात नवीन नव्हतं. "वसईतही म्हणतात," ते म्हणाले. "बरोबरच आहे. इथे फक्त जाणारं कोण ते ठरलेलं असतं."

वसंत ऋतूत एका कुरणाच्या मालकिणीचा फोन आला. आम्ही गेलो तेव्हा तिने कुंपणाजवळ कोकरं ओळीने ठेवली होती. काही मेलेली होती, एक अजून श्वास घेत होतं. बाई दणकट, उन्हाने रापलेली. ती त्या श्वास घेणाऱ्याकडे बोट दाखवून घरात निघून गेली. अंकलनी ते काम केलं. मग हात धुऊन आले आणि बोलायला गेले, तर आवाज नाही. दोन दिवस घसा धरला होता, आता पुरताच बसला.

संध्याकाळ होत आली होती. ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आज तू."

मी टेकाडावर उभी राहिले. काचा वर केलेल्या गाडीत ओरडणं वेगळं, आणि समोर मैलोन् मैल झाडं असताना ओरडणं वेगळं. त्यांनी शिकवल्याप्रमाणे खालून सुरुवात केली, सूर वर चढवला, आणि तिथे आवाज फाटला. चिरका, केविलवाणा झाला. मला हसू आलं आणि लाजही वाटली. मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

काहीच नाही. वारा, एक-दोन पक्षी.

मग ओ आली. खालच्या घळीतून, एकटीच, लांबलचक. भुंकणं नव्हतं, रडणंही नव्हतं. इतकी वर्षं परदेशात राहिले, पण मला कोणी इतक्या तातडीने उत्तर दिलेलं आठवत नाही. माझे डोळे भरून आले. मी हात वर करून दिशा दाखवली आणि म्हणाले, "अंकल, कोणीतरी ओ दिली."

त्यांनी रेघ मारली. ते खूश दिसले नाहीत.

"तुझा आवाज पिल्लासारखा लागला," ते म्हणाले. "म्हणून दिली."

दोन दिवसांनी सकाळी सापळा बघायला निघताना मी म्हटलं, मी गाडीत थांबते. तोवर मी सापळ्यापाशी कधी गेले नव्हते, तेही कधी चल म्हणाले नव्हते. त्या दिवशी मात्र त्यांनी माझ्या बाजूचं दार उघडलं.

"बोलावलंस तू. आता भेटायला चल."

पिवळ्या रंगाची मादी होती. पाय सापळ्यात होता आणि ती आमच्याकडे बघत उभी होती, ओढाताण करून दमलेली. पोटाखाली सड दुधाने टम्म भरलेले होते. अंकलनी ते बघितलं. मग त्यांनी बंदूक उचलली. मी कान झाकले, डोळे उघडे ठेवले. डोळे झाकले असते तर त्यांनी काही म्हटलं नसतं, पण झाकावेसे वाटले नाहीत.

"आणि पिल्लं?" मी विचारलं.

"शोधू."

दुपारपर्यंत आम्ही घळ पालथी घातली. ते पडलेल्या ओंडक्यांपाशी, दगडांच्या कपारींपाशी गुडघ्यांवर बसून चांगला कान लावायचे. सापडली असती तर त्यांनी त्यांनाही मारलंच असतं, उपाशी मरण्यापेक्षा बरं म्हणून. सापडली नाहीत. रविवारी ते चर्चमधली मिस्सा चुकवून एकटेच पुन्हा तिथे गेले होते, हे मला नंतर कळलं. सोमवारी मी विचारलं तर म्हणाले, "हाक मारणं एक काम आहे, बाय. पुढचं काम वेगळं. दोन्ही एकाच माणसाने करू नयेत. पण कंपनीला कोण सांगणार?"

घसा बरा झाल्यावर त्यांनी मला पुन्हा कधी ओरडू दिलं नाही. कंपनीतल्या एकाने सुचवलं होतं, मुलीचा आवाज चांगला चालतो तर तिलाच लाव. अंकल त्याला म्हणाले, "शी कान्ट डू इट, मेट. आवाजच नाही तिला."

पुढच्या वर्षी नवा मॅनेजर आला. तरुण होता, बोलायला गोड. त्याला अंकलच्या हाका रेकॉर्ड करून हव्या होत्या, ट्रेनिंगसाठी म्हणाला. अंकल त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले. ऑफिसच्या मागच्या खोलीत माइकसमोर उभे राहिले, दात काढले, खाकरले. एकट्याची हाक, जोडीची हाक, लांबून, जवळून. मॅनेजर प्रत्येक वेळी "ब्यूटी" म्हणत होता. परत येताना गाडीत अंकल स्वतःशीच हसत होते. "या वयात स्टुडिओ," म्हणाले.

काही महिन्यांनी झाडांना बांधायच्या पेट्या आल्या. पेटी संध्याकाळी आपोआप हाक मारते, आलेली ओ टिपून ठेवते, आणि चार पेट्या मिळून दिशाही काढतात. हाक अंकलची. अंकलचं कंत्राट पुढे वाढवलं नाही. मॅनेजरने त्यांना चहाला बोलावून सांगितलं. मी दाराबाहेर होते. ते म्हणाले, "नो वरीज." बाहेर आल्यावर मला म्हणाले, "माझे दोन्ही कान चांगले असते तर पेट्यांची गरज पडली नसती, नाही?" त्या पेट्यांच्या बॅटऱ्या बदलायचं काम मला मिळालं. आजही मी तेच करते.

त्यानंतर दुसऱ्या हिवाळ्यात त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी हॉस्पिटलला जायचे. ते मला ओळखायचे, तोंड उघडायचे, आणि कष्टाने एकच "आ" निघायचा. त्यांना स्वतःलाच त्याचा इतका राग यायचा की नंतर नंतर ते तोंड उघडेनात. मी बडबडायचे, ते खिडकीबाहेर बघायचे. वसंत यायच्या आत ते गेले.

चर्च भरलं होतं. फादरनी सांगितलं की त्यांनी निसर्गाची सेवा केली. पुढच्या बाकावर आंटी, म्हणजे त्यांची बायको, सरळ मान करून बसल्या होत्या. त्यांनी लोकांना कायम हेच सांगितलं होतं, हे नॅशनल पार्कात असतात.

महिन्याभराने आंटींचा फोन आला. घरात त्यांच्या आवाजाचं काहीच नव्हतं. व्हिडिओ पुष्कळ होते, पण कॅमेरा नेहमी अंकलच्या हातात, आणि कॅमेरा धरला की ते श्वाससुद्धा बेताने घ्यायचे. "तुमच्याकडे रेकॉर्ड केलं होतं ना?" आंटी म्हणाल्या. "कसलंही चालेल, बाय."

मी मॅनेजरला विचारलं. फाइल्स कंपनीच्या मालकीच्या आहेत, बघतो, म्हणाला. तो अजून बघतोय. मग मी एका संध्याकाळी कामावरच एका पेटीखाली फोन धरून उभी राहिले. झाडावरून अंकल ओरडले. मी रेकॉर्ड करून घेतलं.

आंटींच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. मी आधी बजावलं की हे बोलणं नाही, ते कामावर ओरडायचे तसं आहे. त्यांनी मान हलवली. मी फोन टेबलावर ठेवला.

तो आवाज त्या घरात पहिल्यांदाच निघाला असावा. खिडकीची काच थरथरल्यासारखी वाटली. आंटींनी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली होती.

"हा यांचा वरचा सूर," त्या म्हणाल्या. "वसईला चर्चच्या कॉयरमध्ये याच सुरासाठी यांना पुढे उभं करायचे. कुत्र्यांचं काम घेतलं आणि गाणं सोडलं. मी किती भांडले. म्हणाले, ज्या गळ्याने त्यांना बोलावतो त्याने देवाला कसं बोलावू?"

रेकॉर्डिंग अजून चालू होतं. मी बंद करायला हात पुढे केला, तर त्यांनी थांबवलं. फोनमध्ये नुसता वारा वाजत होता. मग खूप लांबून, बारीक, एकाने ओ दिली. मागोमाग दुसऱ्याने. मग कितीतरी एकदम.

"हे कोण?"

"रानकुत्री. अंकलना उत्तर देतायत."

"आत्ता? हे गेल्यावर?"

"हो."

त्यांचा चेहरा सैल झाला. अंत्यविधीच्या दिवसापासून मी तो तसा पाहिला नव्हता. फोनवरची कुत्री शांत होईपर्यंत त्या ऐकत राहिल्या. मग हळूच विचारलं, "नुसती ओ दिली, की यांच्या आवाजापाशी आलीसुद्धा?"

"आली ना," सापळ्यांचं नाव न काढता मी म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी. सगळी."

आंटींनी पदराने डोळे पुसले, फोन माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "परत लाव."