पन्नास यार्डांपलीकडे

चीनच्या लढाईनंतर पुण्यात बायकांनाही होमगार्डचं शिक्षण मिळू लागलं, तेव्हा भवानी पेठेतल्या शाळेत शिकवणाऱ्या कमरजहां मणियार यांनी नाव घातलं. घरात कुरबुर झाली. अब्बा मात्र एवढंच म्हणाले, की जायचं तर नीट शिकून ये.

वारज्याजवळ टेकडीच्या पायथ्याशी सराव चाले. शिकवायला निवृत्त सुभेदार दिगंबर चांदेरे. बोलणं तुटक, पण हात धरून शिकवणारा माणूस. सुरुवात पॉइंट टू-टूच्या छोट्या रायफलीनं. तिचं काडतूस करंगळीच्या पेराएवढं, निशाण पन्नास यार्डांवर. बाईंचा नेम लवकर बसला. शंभर यार्डांपुढे या गोळीचा भरवसा नाही, वारा तिला कुठंही नेतो, असं सुभेदारांनी सांगितलं होतं. बाईंनी त्याचा अर्थ आपल्या मनानं लावला, की त्यापुढे गोळी गळून पडते.

एका सकाळी त्या पालथ्या पडून नेम धरत होत्या. निशाणामागच्या मातीच्या बांधाच्या वर, दूर उतारावर, कुणी गवत कापत होतं. बाईंना ते दिसलं. चांगलं पाच-सहाशे यार्डांवर असेल, असं वाटून त्यांनी चापावर बोट नेलं. तेवढ्यात सुभेदारांचा तळवा रायफलीवर पडला.

"वर माणूस आहे."

"दिसलं. पण फार लांब आहे, सुभेदार."

"नेम शंभर यार्ड चालतो, बाई. गोळी मैलभर जाते. बांध चुकली तर वाटेत कोण आहे ते ती बघत नाही."

सराव थांबवून दोघं वर गेले. गवत कापणारी वारज्याची सोजरबाई होती. टेकडीच्या पलीकडून आल्यामुळे सराव चालू असल्याचा लाल बावटा तिला दिसलाच नव्हता. उठवलं म्हणून ती आधी रागावली. मग बाई तिचाच दंड धरून उभ्या राहिल्या, तेव्हा तिला वाटलं, ही आजारी आहे. तिनं त्यांना सावलीत बसवलं आणि आपल्या तांब्यातलं पाणी पाजलं.

"उपाशी आलीस जणू," ती म्हणाली.

पुढे थ्री-नॉट-थ्री हाती आली. बोटाएवढं काडतूस, खांदा काळानिळा करणारा धक्का, निशाण तीनशे यार्डांवर. पहिल्या दिवशी बाईंनी नेमाचं विचारलंच नाही. गोळी कुठवर जाते, ते विचारलं. दोन मैल, सुभेदार म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले.

काही वर्षांनी बाई स्वतः मुलींना शिकवू लागल्या. सरावाआधी टेकडीला वळसा घालून आल्याशिवाय त्या कुणाला रायफलीला हात लावू देत नसत. ईदला चांदेऱ्यांकडे शीरखुर्म्याचा डबा जाई. सुभेदार गेल्यावरही तो थांबला नाही. त्यांच्या पत्नी कुसुमताईंनी एकदा विचारलं, ते तर सगळ्यांशी तुसडेपणानंच वागायचे, तुम्ही एवढं का करता?

"त्यांच्यामुळे मला रात्री झोप लागते," बाई म्हणाल्या.

डबा रिकामा करून, त्यात बेसनाचे लाडू भरून, कुसुमताईंनी तो बाईंच्या हाती दिला.